जगातली बरीच शहरं फिरलेल्यांनी सांगा: कोणतं शहर सर्वांत जास्त भावलं आणि का? फोटोत दिसतं त्यापलीकडचं काहीतरी हवं आहे.

माझं उत्तर व्हिएन्ना. कारण ऐकून कदाचित हसाल: तिथलं नळाचं पाणी.

आधी खुलासा करतो. मी नोकरी केली ती महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात. कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो, निवृत्त झालो तेव्हा कार्यकारी अभियंता होतो. पहाटे व्हॉल्व्हमनचे फोन, उन्हाळ्यात टँकरच्या याद्या, ‘आमच्याच गल्लीत दाब कमी का?’ म्हणून येणारी शिष्टमंडळं, यात उमेदीची वर्षं गेली. मुलगी नोकरीनिमित्त परदेशी गेली आणि तिच्याकडे जाता-येता आम्ही नवराबायको शहरं बघू लागलो. बायको चर्च, मशिदी, बाजार बघते. मीही बघतो, पण त्याआधी माझी नजर दुसरीकडेच जाते. या शहराला पाणी येतं कुठून? सोडतं कोण? आणि रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला ते फुकट मिळतं का? गाईडला हे विचारलं की तो बिचारा गोंधळतो. पण या तीन प्रश्नांच्या मागे लागून शहर जितकं कळतं तितकं मला राजवाड्यांतून कधी कळलं नाही.

रोममध्ये हे वेड लपवावं लागत नाही. जवळपास प्रत्येक कोपऱ्यावर बिडाचा, कमरेच्या थोडा वर येणारा, शंभरेक किलो वजनाचा नळ उभा असतो. त्याला तिथे नासोने म्हणतात. १८७४ पासून हे बसवायला सुरुवात झाली, आज अडीच हजारांच्या आसपास आहेत. नळाला तोटी नाही, पाणी अखंड वाहतं. आमच्या खात्यातल्या माणसाला हे बघवत नाही, माझा हात आपोआप चावी शोधायला गेला. तिथल्या एका आजोबांनी मला बाजूला सारून प्रात्यक्षिक दिलं: नळीच्या तोंडावर बोट दाबायचं की वरच्या बाजूच्या बारीक भोकातून पाण्याची धार उडते, वाकून तोंड लावायची गरज नाही. वाहतं ठेवण्यामागे कारणही आहे, पाणी नळीत साचून शिळं होत नाही. २०१७ च्या दुष्काळात हे नळ बंद करायला सुरुवात झाली तेव्हा रोमकर चिडले. त्यांचं म्हणणं असं की जमिनीखालच्या जुन्या वाहिन्यांतून जी गळती होते तिच्यापुढे या नळांचं पाणी काहीच नाही. शंभर टक्के पटलं. नळ बंद केला की कारवाई केल्याचं दिसतं. गळती शोधायला रस्ता खणावा लागतो आणि ती सापडली तरी तिचं उद्घाटन करता येत नाही. आपल्याकडेही सार्वजनिक नळच आधी बंद झाले.

मग स्पॅनिश पायऱ्यांचा चौक. तिथे गर्दी पायऱ्यांवर फोटो काढते (आता बसू देत नाहीत, पोलीस उठवतात) आणि समोरचं बुडत्या नावेच्या आकाराचं कारंजं सहज नजरेआड होतं. सतराव्या शतकात पिएत्रो बेर्निनीने ते केलं. गाईड सांगतात की १५९८ च्या महापुरात एक नाव इथवर वाहून आली होती, त्यावरून कल्पना सुचली. असेलही. पण कारंजं जमिनीच्या पातळीखाली, खोलगट का बसवलंय याचं उत्तर दाबात आहे. इथे येणाऱ्या पाण्याला हेडच नाही, म्हणजे उंचीमुळे मिळणारा दाबच नाही! उंच उडणारं कारंजं इथे शक्यच नव्हतं, म्हणून त्या माणसाने नावच अर्धी बुडवली. अडचणीला असं देखणं उत्तर देणारा माणूस आमच्या खात्यात असता तर काय बहार झाली असती.

हेड का नाही? कारण इथे पाणी आणणारी वाहिनी अग्रिप्पा या रोमन सेनापतीने इ.स.पू. १९ मध्ये बांधली तेव्हा साधारण वीस किलोमीटरच्या प्रवासात तिला उतार मिळाला तो अवघा चारेक मीटरचा. म्हणजे किलोमीटरमागे वीस सेंटिमीटर. लेव्हलिंगची आधुनिक यंत्रं हाताशी असताना असा उतार राखताना आम्हाला घाम फुटतो. बहुतेक वाहिनी जमिनीखालून गेली आहे, त्यामुळे सहाव्या शतकात गॉथ लोकांनी रोमला वेढा घालून वाहिन्या तोडल्या तेव्हाही तिची तुलनेने कमी हानी झाली. डागडुजी होत होत ती आजवर टिकली. त्रेवी कारंज्यात लोक नाणी टाकतात ते तिच्याच टोकाला. नाणी गोळा होऊन धर्मादाय कामाला जातात, पण पाणी आणणाऱ्याचं नाव कोणी घेत नाही. खात्याची रीतच आहे ती.

इ.स. ९७ मध्ये फ्राँटिनस नावाचा अधिकारी रोमचा जलप्रमुख झाला. कामाचा भाग म्हणून त्याने सगळ्या वाहिन्यांची पाहणी करून लिहून ठेवलं. त्याच्या तक्रारी बघा: मंजुरीपेक्षा मोठ्या मापाच्या तोट्या बसवल्या आहेत, खात्यातलेच लोक वाहिनीला भोकं पाडून चोरून जोड देतात, वाटेतले शेतकरी पाणी पळवतात. दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस, आणि वाचताना वाटतं की हा मागच्या महिन्यातल्या आढावा बैठकीत माझ्या शेजारी बसला होता.

व्हेनिसबद्दल सगळे गोंडोलाचं बोलतात. मला तिथे वेगळाच चमत्कार दिसला. चहूबाजूंनी पाणी, पण पिण्याचा थेंब नाही. मग प्यायचे काय? पावसाचं. तिथल्या प्रत्येक चौकात मधोमध दगडी कोरीव कठडा दिसतो, वर लोखंडी झाकण. लोक त्यावर पिझ्झाचा डबा ठेवून खातात. ती विहीर आहे, पण आपल्यासारखी झऱ्याची नाही. चौक खणून त्याला चिकणमातीचं अस्तर लावायचं म्हणजे खारं पाणी आत झिरपत नाही. आत वाळू भरायची, मधोमध विटांचा कूप उभारायचा. चौकाच्या फरशीला बेताचा उतार देऊन दगडी जाळ्या बसवायच्या. पाऊस पडला की पाणी जाळ्यांतून खाली जातं, वाळूतून गाळलं जाऊन मधल्या कुपात येतं. म्हणजे अख्खा चौक हा गाळणी आणि टाकी! शहरात अशा हजारो विहिरी होत्या. झाकणाला कुलूप असे, आणि सकाळ-संध्याकाळ घंटा झाली की ते उघडत. हे ऐकून बायको म्हणाली, ‘म्हणजे इथेही पाणी यायची वेळ होती तर.’ १८८४ मध्ये मुख्य भूमीवरून नळ आले आणि विहिरी बंद झाल्या. मला स्वतःला व्हेनिस राहायला आवडलं नाही, पर्यटकांशिवाय माणूसच दिसत नाही. पण ते चौक मी उतार बघत फिरलो आणि चैन केली.

लंडनचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे मी बघितलं ते जेमतेम एका हातपंपाएवढं. सोहो भागात ब्रॉडविक स्ट्रीटवर दांडा नसलेला पंप उभा आहे. १८५४ मध्ये या भागात कॉलऱ्याने सहाशेवर माणसं दगावली. रोग दूषित हवेतून पसरतो असं तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत. जॉन स्नो या डॉक्टरने मृत्यू कुठे कुठे झाले ते नकाशावर मांडलं, तर सगळी बोटं या पंपाकडे. शेजारच्या दारूभट्टीतले कामगार मात्र बचावले, ते पंपाचं पाणी पीतच नव्हते, त्यांना बिअर मिळे. स्नोच्या सांगण्यावरून पंपाचा दांडा काढला. आज तिथे त्याच्या नावाचा पब आहे, आणि डॉक्टर स्वतः दारूबंदीच्या बाजूचा माणूस! कावीळ-गॅस्ट्रोची साथ आली की आम्हीही असाच नकाशा मांडायचो, कुठल्या गल्लीत रुग्ण आणि तिथून गटाराजवळून कुठली वाहिनी जाते. तेव्हा या पंपासमोर मी अंमळ जास्तच वेळ थांबलो, येणारी-जाणारी मंडळी या म्हाताऱ्याला काय दिसतंय म्हणून बघत होती.

सिंगापूरला जाणारे बहुतेक लोक मरीना बे, उंच हॉटेल, रोषणाई बघतात. तुम्ही मलेशियातल्या जोहोर बाहरूकडून बसने पुलावरून या. रस्त्याच्या कडेने जाड जलवाहिन्या तुमच्यासोबत येतात. त्या शहराची सगळी भीती त्या वाहिन्यांत आहे. १९४२ मध्ये जपान्यांनी सिंगापूर घेतलं तेव्हा शरणागतीच्या कारणांत पाणी संपत आल्याचं एक कारण होतं. मलेशियातल्या जोहोर राज्याशी १९६२ चा करार आहे, दिवसाला २५ कोटी गॅलन कच्चं पाणी, हजार गॅलनला तीन सेन (तिथले पैसे), मुदत २०६१ पर्यंत. स्वतःची मोठी नदी नाही, शेजाऱ्याशी संबंध कधी गोड कधी तिखट. मग त्यांनी काय केलं? सांडपाणी इतकं शुद्ध केलं की ते चिप बनवणाऱ्या कारखान्यांना चालतं आणि काही भाग जलाशयातही सोडतात. समुद्राचं पाणी गोडं करायला लागले. आणि २००८ मध्ये मरीना खाडीच्या तोंडावर बंधारा घालून शहराच्या मधोमध गोड्या पाण्याचा तलाव केला. त्या बंधाऱ्याच्या पंपघराच्या छतावर हिरवळ आहे, संध्याकाळी पोरं पतंग उडवतात. पंपघराच्या छतावर! आमच्या पंपघरावर ‘विनापरवाना प्रवेश निषिद्ध’ आणि एक झोपलेला कुत्रा असायचा. सिंगापूरपुढे मी अभियंता म्हणून हात जोडतो. माणूस म्हणून मात्र तिथे मला जरा आवळल्यासारखं होतं, सगळंच ठरलेलं आणि मोजलेलं.

इस्तंबूल याच्या नेमकं उलट. तिथे काहीही ठरलेलं नसतं. आया सोफियापासून दोन मिनिटांवर जमिनीखाली सहाव्या शतकातली टाकी आहे, सम्राट जस्टिनियनच्या काळातली. टाकी म्हणजे काय? जवळपास १४० मीटर लांब, ६५ मीटर रुंद, नऊ मीटर उंचीचे ३३६ दगडी खांब. ऐंशी हजार घनमीटर पाणी मावेल असा अंदाज देतात, म्हणजे आठ कोटी लिटर. मी ज्या जलकुंभांवर नोकरी केली ते वीस लाख लिटरचे असले तरी आम्ही कॉलर ताठ करायचो. वेढा पडला तर शहर तहानेने मरू नये म्हणून ही तजवीज. पुढे लोक टाकीच विसरले. सोळाव्या शतकात पेत्रुस गिलियस नावाचा फ्रेंच अभ्यासक तिथे आला, तर लोक त्याला सांगू लागले की आम्ही घरात जमिनीच्या भोकातून बादली सोडून पाणी काढतो, कधीकधी मासेही मिळतात. शोध घेत तो खाली उतरला तेव्हा ही टाकी बाहेरच्या जगाला कळली.

टाकीच्या कोपऱ्यात दोन खांबांखाली ग्रीक पुराणातल्या, केसांच्या जागी साप असलेल्या मेदुसाची मुंडकी आहेत, एक आडवं, एक उलटं. त्यावर गाईड वीस मिनिटं शाप आणि भुतं सांगतात. माझं मत विचाराल तर खांब उंचीला कमी पडत होते, मुकादमाला पडक्या देवळाचा चांगला दगड मिळाला, तो ज्या बाजूने बरोबर बसला त्या बाजूने लावला. काम वेळेत पुरं करायचं असलं की दगडाचं तोंड कुठे आहे हे कोणी बघत नाही.

वर शहरात आलं की व्हॅलेन्सच्या जलसेतूच्या कमानींखालून मोटारी धावताना दिसतात, चौथ्या शतकातलं बांधकाम. तक्सीम चौकात सगळे आंदोलनांच्या आठवणी काढतात, पण चौकाला नाव मिळालं ते कडेच्या दगडी इमारतीवरून, अठराव्या शतकात तिथून शहराच्या भागांना पाणी वाटलं जाई. आणि जागोजागी सेबिल आहेत, म्हणजे आपल्या पाणपोया, पण संगमरवरी, सोनेरी अक्षरांच्या, जाळीतून येणाऱ्या-जाणाऱ्याला पेला मिळायचा. सुलतानांनी, त्यांच्या आयांनी, व्यापाऱ्यांनी पुण्य म्हणून बांधलेल्या. मुंबईत जुन्या दगडी प्याऊ आहेत ना, शेठ मंडळींनी आईवडिलांच्या नावे बांधलेल्या, त्याच भावनेतल्या. आणि दोन्हीकडे आजची गत सारखीच, बहुतेक कोरड्या. एवढा वारसा असलेल्या शहरात आज घरोघरी एकोणीस लिटरचे जार येतात, नळाचं पाणी प्यायला कोणी राजी नसतं. हॉटेलातल्या पोऱ्याने मला नळाखाली पेला धरताना बघून हातातून काढूनच घेतला.

आता व्हिएन्ना.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हे साम्राज्याच्या राजधानीचं शहर घाण पाणी पीत होतं. विहिरी सांडपाण्याने नासलेल्या, डॅन्यूबच्या कालव्याकाठचं पाणी अपुरं. एडुआर्ड झ्यूस नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने नगरपालिकेत मांडलं की पाणी थेट आल्प्सच्या पायथ्याच्या डोंगरांतून, झऱ्यातून आणा. तिथला एक झरा राजघराण्याला आधीपासून माहीत होता, घोडेस्वार तिथून फक्त दरबारापुरतं पाणी आणत. झ्यूसचं म्हणणं, तेच पाणी प्रत्येकाला. खर्च अफाट, अंतर नव्वदेक किलोमीटर. विरोध झाला. पण १८७३ मध्ये वाहिनी पुरी झाली. त्याच वर्षी तिथे जागतिक प्रदर्शन भरलं होतं, मे महिन्यात शेअर बाजार कोसळला, त्यात कॉलऱ्याची साथ. अशा वर्षाच्या ऑक्टोबरात श्वार्झेनबर्ग चौकातलं उंच कारंजं सुरू झालं. दाब किती आहे ते शहराला दाखवायला यापेक्षा चांगली जागा नाही. आज त्या कारंज्यामागे सोव्हिएत सैनिकांचं स्मारक आहे, फोटो बहुतेक त्याचेच निघतात.

१९१० मध्ये दुसरी, आणखी लांबची वाहिनी आली. डोंगरातून निघालेलं तिचं पाणी साधारण दीड दिवसाने शहरात पोचतं, आणि सगळं गुरुत्वावर. डोंगरापासून शहरापर्यंत पंप नाही. उलट वाटेतल्या उतारावर वीज तयार करतात! ज्याने वीजबिलाच्या थकबाकीपायी पंप बंद पडण्याची टांगती तलवार अनुभवली आहे त्यालाच या वाक्याची किंमत कळेल. झऱ्यांच्या वरची जंगलं शहराने विकत घेऊन राखली आहेत, कारण डोंगरावरचं झाड तोडलं तर नळाला गढूळ पाणी येतं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. २००१ मध्ये या पाण्याला त्यांनी घटनात्मक संरक्षण दिलं. कॅफेत कॉफी मागवली की चांदीसारख्या तबकात पाण्याचा पेला न मागता येतो. चवीला थंड, दगडाची किंचित झाक असलेलं. बायकोला म्हटलं, हे डोंगरातलं पाणी आहे. ती म्हणाली, पेपर वाच आता.

आणखी एक गोष्ट विदर्भातल्या वाचकांसाठी. प्राचीन महाखंडाला गोंडवन हे नाव रुळवलं ते याच झ्यूसने, १८८५ मध्ये. आपल्या गोंड राजांच्या मुलखातल्या खडकांवरून भूगर्भशास्त्रात जी संज्ञा आली तीच त्याने उचलली. चांद्याच्या कोळशाच्या खाणीत जो खडक आहे त्याच्या नावाशी व्हिएन्नाच्या नळाचं असं नातं लागतं हे मला तिथे गेल्यावरच कळलं.

हे सगळं वाचून ‘आपल्याकडे काय होतं’ असं कोणी विचारणार, म्हणून आधीच सांगतो. मलिक अंबरने औरंगाबादेत सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नहर खेळवली, पुण्याला नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत गुरुत्वावर पाणी आलं, वाटेत उच्छ्वास (वाहिनीतली हवा बाहेर पडायला ठेवलेली जागा), पेठांमधून हौद. फडके हौद म्हटलं की आता रिक्षावाला चौकात सोडतो. ज्ञानाची वाण नव्हती. वाहिनी बांधली की तिच्यामागे दुरुस्तीचा माणूस आणि त्याचा पगार दोनशे वर्षं चालू ठेवावा लागतो, तिथे आपण हात आखडता घेतला.

तुम्ही जाणार असाल तर व्हिएन्नाहून रेल्वेने पायरबाख-रायशेनाऊला जा, तिथून बसने कायझरब्रुनला. तिथे छोटं जलवाहिनी संग्रहालय आहे आणि वाहिनीच्या कडेने दरीतून पायवाट काढली आहे. जाण्याआधी संग्रहालय उघडं आहे का ते बघून घ्या. रिकामी बाटली सोबत ठेवा. व्हिएन्नात हजाराहून जास्त सार्वजनिक पिण्याचे नळ आहेत, विकतच्या पाण्यावर पैसे घालवू नका. रोममध्ये असाल तर मेट्रोच्या ए मार्गाने ज्युलिओ अग्रिकोला स्थानकाला उतरून जलसेतूंच्या बागेत जा, तिकीट नाही, गर्दीही नाही. बायकोला हाच प्रश्न विचारला तर ती इस्तंबूल म्हणते: तिथला सकाळचा नाश्ता आणि दोन खंडांमधली बोट. तिचं उत्तर जास्त लोकांना पटेल.